उशाखालची सही

९ एप्रिल, मंगळवार

आज वारा असा होता की दुकानाचं दार उघडलं की आधी वारा आत यायचा आणि मग माणूस. ट्वायला प्रुइट आल्या तेव्हा त्यांच्याआधी मूठभर धूळ आणि एक वाळकं डहाळं आत आलं. त्र्याऐंशी वर्षांच्या बाई, पायात पुरुषी बूट, छातीशी डुकराच्या चरबीचा एक जुना पत्र्याचा डबा धरलेला. झाकणावरचं डुक्कर गंजून निम्मंच उरलं होतं.

"तू गुन्नरची मुलगी ना?" त्यांनी विचारलं. "हा डबा तुझ्या ताब्यात. मी रँच सोडतेय. मुलगी म्हणते ॲरिझोनाला चल, तिथे वारा नाही. मी म्हटलं, मग तिथे लोक बोलतात तरी कशाबद्दल?"

खिडकीजवळच्या खुर्चीत डॅड होते. ते हसले, पण हात गोधडीतून बाहेर काढला नाही. ट्वायलांनी पुढे केलेला हात क्षणभर तसाच राहिला, मग त्यांनी तो डॅडच्या खांद्यावर ठेवला.

ट्वायला म्हणजे एबेन स्ट्राउडची नात. हे ऐकलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आमच्या काउंटीचा १८८० च्या सुमाराचा शेरीफ. डॅड साठ वर्षं या भागातले जुने सहीचे कागद गोळा करतायत आणि विकतायत, आणि त्या साठ वर्षांत त्यांच्या हाती स्ट्राउडच्या जेमतेम अकरा सह्या आल्या. स्ट्राउडची गोष्ट इथल्या शाळेत शिकवतात. तो कुठल्याही कागदावर जागच्या जागी सही करत नसे. कागद घरी न्यायचा, उशाखाली ठेवून झोपायचा आणि सकाळी सही करून द्यायचा. म्हणून त्याच्या काळात एकही निरपराध माणूस फासावर गेला नाही म्हणतात. डॅडनी आमच्या विक्रीच्या यादीत लिहिलेलं वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे: "ज्या माणसाने आपल्या सहीला एक रात्र दिली."

मी ते ट्वायलांना म्हणून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"छान लिहिलंय. अगदी आजीची सही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरातली काहीतरी म्हणायची रीत असावी. मी विचारलं नाही.

संध्याकाळी दोन खात्रीपत्रं टपालात टाकली. आम्ही कागद विकतो तेव्हा सोबत डॅडच्या सहीचं पत्र जातं की ही सही अस्सल आहे, शब्द आमचा. अलीकडे त्यांच्या नावाची सही मीच करते. त्यांचा हात थरथरतो आणि लिंडक्विस्ट या आडनावातला क्यू अर्ध्यावर मोडतो. त्यांना विचारून करते. म्हणजे पहिल्यांदा विचारलं होतं.

११ एप्रिल, गुरुवार

डबा उघडला. आत जुन्या पिठाचा वास. कागद एकेक करून पांढऱ्या फडक्यावर मांडले. दोन अटकेची वॉरंटं, दोन्हींवर स्ट्राउडची सही, शाई अजून चेरीसारखी काळपट लाल. त्या सहीची एक खूण डॅडनीच शोधून काढली होती: शेवटच्या डीचं शेपूट वर जातं, उलटं फिरतं आणि मागे येऊन टीची आडवी रेघ देतं. हात न उचलता. घराच्या छपरासारखं दिसतं. ती खूण पाहून डॅड सही ओळखतात, आणि डॅडनी ओळखली की इतर सगळे ओळखतात.

तळाशी एक प्रतिज्ञापत्र निघालं, १४ फेब्रुवारी १८८४ चं. कोर्टात दिलेली साक्ष. खाली कारकुनाच्या हातानं डावीकडे 'एबेन', उजवीकडे 'स्ट्राउड', मध्ये एक फुली, फुलीच्या वर 'त्याची' आणि खाली 'निशाणी'. शेजारी साक्षीदाराची सही. लिहिता न येणाऱ्या माणसाचा कागद असा करत.

"दुसरा कोणी स्ट्राउड असेल," मी म्हटलं.

डॅडनी भिंग मागितलं. मी ते त्यांच्या डोळ्यासमोर धरलं. बराच वेळ त्यांनी ती फुली पाहिली.

"हात मोडला असेल," ते म्हणाले.

१२ एप्रिल

ग्रंथालयात जाऊन त्या महिन्याचं जुनं वर्तमानपत्र पाहिलं. हात मोडला नव्हता. १६ तारखेला शेरीफ स्ट्राउडनं पैजेवर एका हातानं गोऱ्हा आडवा पाडला होता.

डॅडना सांगितलं नाही. दुपारभर त्यांना झोप लागली होती, किंवा डोळे मिटलेले होते.

१७ एप्रिल, बुधवार

लॉर्न हॅचर आला. जुन्या कोर्टाच्या इमारतीतलं संग्रहालय तो सांभाळतो आणि दर बुधवारी डॅडशी पत्ते खेळतो. डॅडना पत्ते धरता येत नाहीत म्हणून त्यानं स्वतः एका फळीला खाच पाडून आणली आहे, पत्ते तिच्यात उभे राहतात.

"काय गुन्नर, अजून आहेस? मला वाटलं आज तरी मी जिंकेन."

"तू जिंकावंस म्हणून मी मरू होय?"

लॉर्न जूनमध्ये स्ट्राउडचं दालन उघडतोय. मधोमध काचेची पेटी, आत वॉरंट, पेटीच्या खाली एक उशी ठेवायची त्याची कल्पना आहे. खरीखुरी, पिसांची. ट्वायलांचं वॉरंट त्याला हवंय.

"पण खात्रीपत्रावर सही गुन्नरची पाहिजे हं," तो माझ्याकडे पाहून म्हणाला. "तुझी नको, कारिन. तू गोड आहेस, पण लोक लिंडक्विस्ट म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर हा म्हातारा असतो."

मी हसले. डॅडनी पत्ता टाकला. चुकीचा टाकला. लॉर्न जिंकला आणि त्याला ते आवडलं नाही.

१८ एप्रिल

आता हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या सकाळी स्वप्न वाटणार नाही.

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटला होता. वाफ दाखवून सोडवला. पाककृती आहे. दूध, सहा अंडी, जायफळ. वर मोठ्या अक्षरांत कस्टर्ड, आणि कोपऱ्यात नाव, ड्रूसिला. शेरीफची बायको.

कस्टर्ड या शब्दातही शेवटी डी आहे आणि मध्ये टी. डीचं शेपूट वर गेलंय, उलटं फिरलंय आणि मागे येऊन टीवर छप्पर घातलंय.

वॉरंट शेजारी ठेवलं. मग डॅडच्या फायलीतल्या त्या अकरा सह्यांच्या प्रती काढल्या, पातळ कागदावर गिरवलेल्या. एकावर एक ठेवून खिडकीशी धरल्या. सगळी छपरं एकाच घराची.

ट्वायलांना फोन करून फक्त एवढं विचारलं की १४ फेब्रुवारी १८८४ ला तुमच्या घरात काय झालं होतं?

"थांब, बायबलमध्ये बघते," त्या म्हणाल्या. पानांचा आवाज आला. "माझा थोरला मामा जन्मला. दोन दिवस कळा देत होती आजी. का गं?"

म्हणजे त्या दिवशी कोर्टात त्याला कागद घरी नेता आला नाही. नेला असता तरी उपयोग नव्हता, सही करणारी कळा देत होती.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

दुकान बंद. दुपारी गिरवण्याच्या कागदावरच डोकं टेकून झोपले. खिडकीतून ऊन मधासारखं हळूहळू टेबलावर पसरत होतं. स्वप्नात एक स्वयंपाकघर. मी एका पायानं पाळणा हलवत होते आणि हातानं कुणाचं तरी नाव लिहीत होते. पुन्हा पुन्हा. बोटांना पीठ होतं, त्यामुळे लेखणी घसरत नव्हती. पलीकडच्या खोलीत कोणी पुरुष झोपला होता. त्याचा श्वास इतका शांत की मला वाटलं, याला जाग येईपर्यंत सगळं लिहून झालं पाहिजे. कुणाचं नाव लिहितेय ते वाचायला मी वाकले तर ऊन डोळ्यांवर आलं.

उठले तेव्हा गालावर शाई होती.

"तुझ्या तोंडावर उलटं काहीतरी लिहिलंय," डॅड म्हणाले.

"काय लिहिलंय?"

"आरशात बघ. मला उलटं वाचता येत नाही आता." मग म्हणाले, "झोपेत तुझा हात हलत होता."

२४ एप्रिल, बुधवार

ट्वायलांच्या रँचवर गेले. तीस मैल, वाटेत कुंपणापलीकडे हरणांचा कळप गाडीबरोबर पळत राहिला, जणू मीच त्यांना कुठे नेत होते. घरात खोकीच खोकी. त्यांनी कॉफी ओतली आणि रानचेरीचा मुरंबा थेट बरणीसकट पुढे केला.

मी फुली दाखवली, पाककृती दाखवली. बाईच्या आजोबाचं नाव आहे, त्यांना लागेल असं वाटत होतं.

"अगं, त्यात काय?" त्या म्हणाल्या. "आजोबांना लिहिता कुठे येत होतं! आमच्या घरात सगळ्यांना माहीत. मला वाटलं तुम्हा जाणकारांनाही माहीत असणार, तुम्ही सांगत नसाल इतकंच."

"आणि ती उशी?"

"उशी!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "कागद घरी यायचा, आजी दिवा लावायची, त्याला वाचून दाखवायची. पटला तर सही करायची, नाही पटला तर त्याच्याशी भांडायची. दोन माणसांना तिनं सोडवलंय भांडून. आजोबा सकाळी बाहेर जाऊन सांगायचे, मी रात्रभर विचार केला. तेव्हापासून आमच्यात म्हणतात ना. मी गाईची प्रसूती केली, आणि माझा नवरा गावात सांगायचा की वासरू त्यानं वाचवलं. की मी म्हणणार, आजीची सही."

मी विचारलं, "तिला वाईट नसेल वाटलं?"

"मी पाच वर्षांची होते ती गेली तेव्हा. एवढंच आठवतं, तिच्या मांडीवर बसून मी पाटीवर रेघोट्या काढत होते आणि ती म्हणाली, आधी स्वतःचं नाव शीक, बाकीच्यांची आपोआप येतात." ट्वायलांनी माझ्या कपात अजून कॉफी ओतली. "तुझ्या वडलांनी त्या दिवशी हात बाहेर नाही काढला. माझ्या नवऱ्याचंही शेवटी तसंच होतं. मग सह्या कोण करतं गं तुमच्याकडे?"

"मी बघते सगळं," मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. का ते कळलं नाही. मुरंब्याची बरणी मला देऊन टाकली.

२७ एप्रिल

डॅडना अजून सांगितलेलं नाही. सकाळी चहा देताना सांगणार होते, मग जेवताना, मग ऊन खिडकीतून सरकल्यावर.

भीती कसली ते नीट लिहून काढावं. त्या अकराही सह्या डॅडच्या शब्दावर गेल्या. ती खूण त्यांनी शोधली, तिच्यावर इतरांनी विश्वास ठेवला. मी तोंड उघडलं तर साठ वर्षांच्या नावाला तडा जाईल, आणि माणूस शहाऐंशी वर्षांचा आहे. त्याच्याजवळ आता नावाशिवाय दुसरं काही धड चालत नाही. ना हात, ना पाय. आणि नाही उघडलं तर जूनमध्ये लॉर्न काचेखाली वॉरंट ठेवेल, खाली उशी ठेवेल, शाळेतली मुलं रांगेनं येतील आणि ड्रूसिला आणखी शंभर वर्षं दिवा धरून उभी राहील.

गप्प राहणं सोपं आहे. कोणालाच काही कळणार नाही. ट्वायला ॲरिझोनाला जातायत.

एकाची सही दुसऱ्यानं करायची आणि वर ती अस्सल म्हणून द्यायची, हे मला सहन होत नाही, हे मात्र खरं.

आज तीन खात्रीपत्रं गेली. क्यू छान आला.

२ मे, गुरुवार

सकाळपासून बर्फ. मे महिन्यात. कॉटनवुडची कोवळी पानं पांढऱ्याखाली हिरवी दिसत होती, पाण्याखालच्या दिव्यासारखी. गिऱ्हाईक येण्याची शक्यता नव्हती. मी पावासारख्या मऊ बिस्किटांवर घालायला सॉस ढवळत होते आणि पाठमोरी असतानाच सगळं सांगून टाकलं. फुली, कस्टर्ड, उशी, भांडण. तोंड दाखवून सांगायचा धीर झाला नाही.

वळून पाहिलं तर डॅड हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत.

"एक रात्र दिली!" ते म्हणाले. "काय वाक्य लिहिलं मी! आणि रात्र दिली कोणी, तर तिनं."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. थांब, वाटू दे जरा." मग थोड्या वेळानं, "पण सही खोटी नाही, कारिन. एक माणूस नीट विचार करून बसला आणि त्यानं सही केली, एवढं मी बरोबर ओळखलं. फक्त माणूस चुकला."

"त्या अकरा जणांना कळवायचं?"

"कळवायलाच पाहिजे. त्यांना परत द्यायच्या असतील तर घ्यायच्या. शब्द आपला आहे." त्यांनी गोधडीतून उजवा हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. तो पाखरासारखा फडफडत होता. ते त्याच्याकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावं तसे पाहत राहिले. "त्या अकरा खात्रीपत्रांवर सह्या कोणाच्या?"

"तुमच्याच."

"कारिन."

"शेवटच्या चार माझ्या हातच्या," मी म्हटलं. "पण ते वेगळं आहे, डॅड. तिथे फक्त तुमचा हात—"

"कसं वेगळं?"

सॉस खाली लागायला लागला होता. मी पटकन भांडं उतरवलं. करपला नव्हता, पण मी बराच वेळ खरवडत राहिले.

४ मे

लॉर्नला सांगितलं. तो मटकन खोक्यावर बसला.

"मग मी पेटीत काय ठेवू? त्याची झोप?"

"तिची पाककृती ठेव," डॅड म्हणाले. "आणि शेजारी फुली. मधे वॉरंट. लोकांना भिंग दे, त्यांचं त्यांना दिसेल."

"काउंटीतले निम्मे लोक माझ्याशी बोलणार नाहीत."

"सुटलास की."

लॉर्न दाराशी जाऊन पुन्हा वळला. "उशी तरी ठेवू का?"

"उशीच्या जागी दिवा," मी म्हटलं. मला माझाच आवाज मोठा वाटला. लॉर्ननं माझ्याकडे पाहिलं आणि, देव त्याचं भलं करो, वहीत लिहून घेतलं.

८ मे

या आठवड्यात दोन खात्रीपत्रं द्यायची होती. दिली नाहीत. का कोण जाणे, लेखणी हातात घेतली की बोटांना पीठ लागल्यासारखं होतं.

११ मे, शनिवार

वारा पडला. इतका पडला की रेल्वेच्या डब्यांचा आवाज गावाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत ऐकू आला आणि मग नुसती शांतता राहिली. ट्वायला काल गेल्या. तिथून तक्रार करणारं कार्ड येईलच.

अकरा पत्रं सकाळी लिहून झाली. मजकूर डॅडनी सांगितला, मी उतरवला. लांब नाही. आम्ही तुम्हाला ही सही एबेन स्ट्राउडची म्हणून दिली. ती त्याची बायको ड्रूसिला हिची आहे. चूक आमची. हवी तर परत घेऊ, पण ठेवलीत तर तिची म्हणून ठेवा. शेवटच्या चार जणांना आणखी एक ओळ. ती डॅडनी सांगितली नाही. मीच लिहिली. तुमच्या खात्रीपत्रावरची सही गुन्नर लिंडक्विस्ट यांची नसून माझी आहे. मग आठवलं की बाकीचीही आहेत. गेल्या सहा वर्षांतली, दुसऱ्या कागदांची. किती, ते मला आज सांगता येत नाही. उद्यापासून फायली काढून बसते.

पहिल्या पत्राखाली माझा हात आपोआप गुन्नरच्या जीकडे वळला. जीचा वाटोळा भाग उमटलासुद्धा.

"थांब," डॅड म्हणाले. "दुसरा कागद घे."

त्यांनी खुर्ची टेबलाकडे ओढायला लावली. मग म्हणाले, "डावीकडे लिही, गुन्नर. उजवीकडे लिंडक्विस्ट. मधे जागा सोड."

मला कळलं तेव्हा माझ्याच्यानं लिहवेना. त्यांनी वाट पाहिली. मी लिहिलं. वर 'त्याची', खाली 'निशाणी', त्या १८८४ च्या कारकुनासारखं. मग लेखणी त्यांच्या हातात दिली आणि माझा हात पुढे केला, धरायला.

"नाही," ते म्हणाले. "लांब हो."

पहिली रेघ वाकडीतिकडी गेली, डोंगराची कड असावी तशी. दुसरी सुरू व्हायला फार वेळ लागला. खिडकीतलं ऊन त्यांच्या मनगटावर चढलं आणि थरथरायला लागलं. दोन रेघा शेवटी एकमेकींना भेटल्या, मधोमध नाही, पण भेटल्या.

"आता साक्षीदार," ते म्हणाले आणि लेखणी माझ्याकडे केली.

मी कितीतरी वर्षांत माझं नाव नीट, सावकाश असं लिहिलं नव्हतं. कारिन जमलं. आडनावाला आले तर तो डॅडचा क्यू आला, त्याच गाठीचा, तसाच खाली उतरणारा. मी घाबरून हात उचलला. पुसावं की काय असं वाटलं.

डॅडनी भिंग मागितलं. या वेळी त्यांनी ते स्वतःच्या हातात धरलं. ते हलत होतं आणि माझं नाव काचेखाली लहानमोठं होत होतं, पाण्यातल्यासारखं. दीडशे वर्षांचा कागद पाहावा तसा वेळ त्यांनी घेतला.

"ही अस्सल आहे," ते म्हणाले.

मी टीपकागदाकडे हात नेला.

"टिपू नकोस," ते म्हणाले. "वाळू दे आपली आपण."